धुंदलवाडीचे धक्के

२०१८ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर भाताची कापणी उरकत आली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती आणि वीटभट्ट्यांवर कामाला जाणारी कुटुंबं निघायच्या तयारीला लागली होती. त्याच दिवसांत जमिनीखालून आवाज यायला लागले. या पट्ट्यात दगडखाणी आहेत. धडाम असा आवाज आला की कुठेतरी सुरुंग लागला असेल, असं मनात येणं साहजिक. पण सुरुंग मध्यरात्री लागत नाहीत, आणि सुरुंगाने घरातली भांडी फळीवरून खाली येत नाहीत. ११ नोव्हेंबरच्या सुमारास जे सुरू झालं ते भूकंपाचे धक्के होते. डिसेंबर उजाडेपर्यंत डहाणूबाहेर फारसं कुणी न ऐकलेलं धुंदलवाडी हे नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आलं.

मोठा भूकंप एकदा येतो, पाडायचं ते पाडतो आणि जातो. धुंदलवाडीत धक्के येत राहिले. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. १ फेब्रुवारी २०१९ ला, शुक्रवारी, सकाळपासून एकामागून एक धक्के बसत होते. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांतला सर्वांत जोराचा आला, ४.१ क्षमतेचा. हळदपाड्यात घाबरून धावताना दोन वर्षांची एक मुलगी पडली आणि डोक्याला मार लागून गेली. १ मार्चला ४.३ चा धक्का बसला. जुलैमध्ये, ऐन पावसात, २५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर नागझरीच्या एका पाड्यावर घर कोसळून एक माणूस दगावला. तो धक्का तर चारपेक्षाही लहान होता. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा चारच्या आसपासचे धक्के. मे २०२३ मध्येही साडेतीनच्या घरातले धक्के नोंदले गेले. धुंदलवाडी, हळदपाडा, सासवंद, करंजविरा, चिंचले, शिसने, गांगणगाव, आंबेसरी, तलासरीकडे कवाडा, झरी, उपलाट, कुर्झे या गावांची नावं भूकंपाच्या बातम्यांत इतक्या वेळा आली, की मुंबई-पुण्याच्या वाचकाने ती बातमी वाचणंच सोडून दिलं. तिथल्या माणसांना मात्र धक्का सोडून देता येत नव्हता. या प्रकरणाचा विषय हीच माणसं आणि त्यांची घरं आहेत.

भूकंप म्हटला की महाराष्ट्राच्या मनात दोन तारखा येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा. दोन्ही सहापेक्षा मोठे. एका धक्क्यात सगळं झालं. नंतर आले ते उत्तरधक्के. हा भूकंपाचा नेहमीचा क्रम. आधी मुख्य धक्का, मग त्याच्या मागून येणारे लहान. धुंदलवाडीच्या मालिकेत मुख्य असा धक्काच नाही. एकाच छोट्या टापूत, थोड्याफार सारख्याच ताकदीचे शेकडो, हजारो धक्के येतात. मध्ये आठवडाभर शांत जातं, पुन्हा एका दिवसात पंचवीस येतात. याला भूकंपमालिका म्हणायचं, शास्त्रज्ञांच्या तोंडी 'स्वॉर्म'. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी इथे जागोजागी भूकंपमापक बसवले, तेव्हा या मालिकेचा खरा आवाका कळला. पहिल्या वर्ष-दीड वर्षातल्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात १६ हजारांहून अधिक धक्के मोजले गेले. त्यांतले बहुतेक इतके बारीक की ते फक्त यंत्राला कळावेत. तरीही भारताच्या द्वीपकल्पी भागात इतकी लांब आणि इतकी दाट मालिका विरळाच.

अशा मालिका दख्खनला नवीन नाहीत. १९८३ मध्ये शहापूर तालुक्यात भातसा धरण भरताना आसपास धक्के सुरू झाले होते. १९८६ मध्ये इथून फार लांब नसलेल्या वलसाड जिल्ह्यात जमीन अशीच हलत राहिली होती. यांतल्या कितीतरी मालिका पावसाळा सरत आला की सुरू होतात, हे अभ्यासकांनी हेरलं आहे. डहाणूची मालिका दिवाळीच्या सुमाराला सुरू झाली, यालाही म्हणूनच अर्थ आहे.

तो अर्थ समजून घ्यायचा तर जमिनीत उतरावं लागेल. पालघर जिल्ह्याचा वरचा खडक म्हणजे काळा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून तो तयार झाला. पण उत्तर कोकणात हे थर सपाट राहिलेले नाहीत. पनवेलपासून उत्तरेकडे एका लांबलचक पट्ट्यात ते समुद्राच्या दिशेने वाकलेले आहेत. त्यांना उभे छेद देत लाव्ह्याच्या असंख्य भिंती, म्हणजे डाइक, वर आलेल्या आहेत. भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सपासून तुटला, त्या तुटण्याच्या खुणा इथल्या खडकात आहेत. सातिवली, कोकनेर, वज्रेश्वरी इथली गरम पाण्याची कुंडं याच पट्ट्यात येतात. पाणी इथे भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. म्हणजे खडक भेगाळलेला आहे आणि भेगांत पाणी फिरतं, एवढं आपल्याला कुंडांवरूनच कळतं.

आता या भेगाळ जमिनीवर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बराचसा वाहून समुद्राला मिळतो, थोडा मुरतो. मुरलेल्या पाण्याचा दाब भेगांमधून खाली खाली पोचत राहतो. जिथे एखादा जुना भ्रंश आधीच ताणाखाली असतो, तिथे त्याच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. त्या दाबामुळेच त्या सरकत नाहीत. भेगेत पाण्याचा दाब वाढला की त्या बाजू एकमेकींपासून किंचित सैल होतात, घर्षण कमी होतं आणि भ्रंश थोडासा सरकतो. तो सरकला की पाण्याला पुढे वाट मिळते. मग पुढचा तुकडा सरकतो. धक्क्यांचा मोठा गुच्छ तयार होतो तो असा. पाऊस भूकंप निर्माण करत नाही. ताण आधीपासून, लाखो वर्षांचा, खडकात साठलेला असतो. पाऊस फक्त वेळ ठरवतो.

पालघरच्या मालिकेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट सापडली. उपग्रहावरून रडारने घेतलेल्या नोंदी तुलना करून पाहिल्या, तेव्हा या भागातली जमीन काही ठिकाणी सुमारे ३ सेंटीमीटर खचल्याचं दिसलं. नोंदलेल्या छोट्या धक्क्यांची ताकद एकत्र केली तरी एवढं खचणं त्यांच्यात बसत नाही. याचा अर्थ भ्रंशाचा बराचसा भाग धक्का न देता, आवाज न करता, सावकाश सरकत होता. आपल्याला जाणवलेले धक्के हा त्या सरकण्याचा फक्त ऐकू येणारा भाग.

जगात याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जपानमधलं. नागानो प्रांतात मात्सुशिरो नावाचं गाव आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये तिथे धक्के सुरू झाले आणि १९६७ पर्यंत चालू राहिले. यंत्रांनी सात लाखांच्या आसपास धक्के मोजले. माणसांना जाणवलेलेच साठ हजारांच्या घरात होते. दोन वर्षं लोक असे जगले. मग जमिनीतून पाणी उसळून बाहेर आलं, डोंगर घसरले, आणि पाणी बाहेर पडल्यावर धक्के हळूहळू कमी झाले. मात्सुशिरोमधला सर्वांत मोठा धक्का साडेपाचच्या आतच राहिला. पाण्याच्या दाबाने भूकंपमालिका चालते, हे जगाला तिथे नीट समजलं.

हे कळल्यावर एक प्रश्न साहजिक येतो, आणि धुंदलवाडीत तो प्रत्येक तज्ज्ञाला विचारला गेला: मोठा येणार का? या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं गावागावांत फिरत होती. दोन्ही चुकीची आहेत, म्हणून त्यांच्यावर थांबलं पाहिजे.

पहिलं उत्तर दिलासा देणारं: लहान लहान धक्क्यांतून जमिनीतली ऊर्जा निघून जाते आहे, म्हणजे मोठा येणार नाही. हे ऐकायला बरं वाटतं, पण हिशेबात बसत नाही. भूकंपाची क्षमता दोन अंकांनी वाढली की ऊर्जा जवळजवळ हजार पट वाढते. म्हणजे सहा क्षमतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर जायची तर चार क्षमतेचे एक हजार धक्के बसले पाहिजेत. आणि दोन क्षमतेचे म्हणाल तर दहा लाख. डहाणूच्या हजारो धक्क्यांतले बहुतेक दोनच्या आसपासचे किंवा त्याहूनही लहान. ते सगळे मिळूनही चारच्या मोजक्या धक्क्यांइतकीच ऊर्जा होते. लहान धक्क्यांनी मोठ्याची ऊर्जा उपसून जात नाही.

दुसरं उत्तर भीती घालणारं: अमुक तारखेला अमुक वाजता मोठा येणार आहे. असले संदेश मोबाइलवर येत, रात्रीच्या रात्री लोक अंगणात काढत. तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत जगात आजवर कुणालाही खात्रीने करता आलेलं नाही. ज्याने तारीख सांगितली, तो खोटं बोलतो आहे किंवा त्याला कुणीतरी खोटं सांगितलं आहे. इथे मधला मार्ग नाही.

खरं उत्तर या दोन्हींपेक्षा अवघड आहे. बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाशिवायच विरून जातात. भातसा, वलसाड, मात्सुशिरो हेच सांगतात. पण काही थोड्या विरत नाहीत. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये धक्के बसले होते, आणि वर्षभराने, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, तिथे सुमारे नऊ-दहा हजार माणसं दगावली. इटलीत लाक्विला शहराच्या आसपास महिनोन् महिने लहान धक्के चालू होते. काळजीचं कारण नाही असा सूर लावला गेला, आणि ६ एप्रिल २००९ ला ६.३ चा भूकंप येऊन तीनशेहून अधिक माणसं गेली. नंतर तिथल्या तज्ज्ञांवर खटला चालला, ते खालच्या न्यायालयात दोषी ठरले आणि पुढे त्यांतले बहुतेक सुटले. त्या खटल्याबद्दल जगभरच्या शास्त्रज्ञांनी संताप व्यक्त केला, तो रास्तच होता. भाकीत करता येत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही. पण लाक्विलाच्या लोकांची तक्रारही समजून घेण्यासारखी होती. त्यांना भाकीत नको होतं, त्यांना फसवा दिलासा नको होता. डहाणूत अधिकारी आणि तज्ज्ञ गावकऱ्यांसमोर उभे राहतात, तेव्हा हा फरक त्यांच्या मनात पक्का असायला हवा.

आता धक्क्याच्या जागेकडे वळू. ही मालिका उथळ आहे. धक्क्यांची केंद्रं साधारण पाच ते पंधरा किलोमीटर खोलीवर, बरीचशी दहाच्या आतच. उथळ असल्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे आवाज. भूकंपाची पहिली लाट, जी खडक दाबत-सोडत येते, ती जमिनीच्या वर आली की हवेत शिरते आणि गडगडाट ऐकू येतो. केंद्र आठ किलोमीटरवर थेट पायाखाली असेल, तर त्या आवाजानंतर जोराचा हादरा यायला एखादाच सेकंद लागतो. आवाज ऐकून धावत सुटायला तेवढा वेळ पुरत नाही. हादरा माणसाला धावतानाच गाठतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टापू. उथळ आणि लहान भूकंप पाच-दहा किलोमीटरवर कडाडून जाणवतो आणि तीस-चाळीस किलोमीटरवर पुसट होतो. धुंदलवाडीच्या घरात भिंतीला तडा जातो तेव्हा डहाणूच्या समुद्रकिनारी कुणीतरी विचारतं, काही हललं का? मुंबईत, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, काहीच कळत नाही. शिवाय लहान भूकंपाची कंपनं जलद असतात. उंच इमारतींचं डोलणं संथ असतं, जलद कंपनं त्यांना फारशी लागत नाहीत. बुटक्या, ताठ, एकमजली विटांच्या भिंतींना नेमकी तीच लागतात. म्हणजे या मालिकेने ज्यांना त्रास दिला ती माणसं निसर्गाने आणि गरिबीने मिळून निवडलेली होती. हे मला फार अस्वस्थ करतं. तारापूरची अणुऊर्जा केंद्रं इथून पस्तीसेक किलोमीटरवर आहेत. १९६९ पासून तिथे वीज तयार होते, आणि मालिका सुरू झाल्यावर त्यांच्या सुरक्षिततेबद्दल लगेच प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. कुर्झे धरणाची काळजी तर उघडच होती, ते धक्क्यांच्या टापूतच आहे. पण अणुभट्टी भूकंप गृहीत धरून बांधतात, धरणाची पाहणी करायला अभियंते येतात. पाड्यावरच्या घराकडे भूकंपाच्या नजरेने पाहिलं कुणी?

या भागातलं जुनं घर कुडाचं. वारली, कोकणा, धोडी, दुबळा कुटुंबांची घरं पिढ्यान् पिढ्या अशीच होती. लाकडाचे खांब जमिनीत रोवायचे, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांचं कूड उभारायचं, त्यावर माती आणि शेण लिंपायचं, वर गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर, पुढे कौलं आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जी चित्रकला जगभर नेली, ती याच भिंतीवर, गेरूच्या लिंपणावर तांदळाच्या पिठाने काढलेली. मशे मे २०१८ मध्ये गेले, धक्के सुरू व्हायच्या सहा महिने आधी. ही भिंत भूकंपात काय करते? टोपली दाबली की जशी लवते आणि सोडली की परत येते, तशी ती लवते. मातीचे पोपडे पडतात, लिंपण पुन्हा करावं लागतं, पण कूड माणसावर कोसळत नाही, आणि कोसळलंच तरी त्याचं वजन माणूस मारण्याइतकं नसतं. छप्पर हलकं. भूकंप अभियांत्रिकी आज जे दोन गुण मागते, हलकेपणा आणि लवचीकपणा, ते दोन्ही या घरात होते.

पण आता पाड्यावर तसं घर कमी होत चाललं आहे, आणि त्याला कारणं आहेत. जंगलात कारवी पूर्वीसारखी मिळत नाही. वाळवी लागते, पावसाळ्यात भिंत ओली राहते, दरवर्षी डागडुजी करायला माणूस घरी लागतो आणि माणूस तर मजुरीवर गेलेला. विटांचं घर ही प्रतिष्ठेची आणि सुखाची गोष्ट आहे, ती हवीशी वाटण्यात काही गैर नाही. शहरातल्या माणसाने वारल्यांनी कुडातच राहावं असं म्हणणं मला मान्य नाही. अडचण निर्माण होते ती अर्ध्या वाटेवरच्या घराने. खांब लाकडाचे, त्यांच्यामध्ये विटांची भिंत. विटा सिमेंटऐवजी मातीत लावलेल्या. भिंत खांबाला कुठेही बांधलेली नाही. वर जड कौलं. किंवा चार भिंती नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या, वर सिमेंटचे पत्रे आणि पत्र्यांवर दगड ठेवलेले. अशा घरात भूकंप आला की प्रत्येक भिंत स्वतंत्र हलते. कोपऱ्यात उभा तडा जातो. पुढच्या धक्क्याला तो रुंद होतो. मग पाऊस येतो, तड्यातून पाणी शिरून माती भिजते, आणि जुलैतल्या एखाद्या मध्यम धक्क्याला ती भिंत आडवी होते. किल्लारीतल्या जाड दगडी भिंतींचा आणि माळवदांचा दोष वेगळा होता, तिथे वजनानेच माणसं मारली. इथला दोष बांधणीचा आहे: भिंतीला भिंत बांधलेली नाही.

मालिकेचं नुकसान असं साठत जातं, म्हणून ते कागदावर येणंही कठीण जातं. आपली पंचनाम्याची रीत एका दिवसाच्या आपत्तीसाठी घडलेली आहे. पूर आला, वादळ आलं, तलाठी आले, पडलेली घरं मोजली, मदत ठरली. धुंदलवाडीच्या भिंतीला नोव्हेंबरात केसासारखा तडा, फेब्रुवारीत बोटभर, पावसाळ्यात घर खाली. ती कोणत्या धक्क्याने पडली म्हणायची? चाळिसाव्या की चारशेव्या? अशा ठिकाणी एकदाच पंचनामा करून भागत नाही. घरांची नोंद ठेवून ठरावीक काळाने पुन्हा पाहणी करावी लागते.

आणि तड्यांच्या पलीकडेही नुकसान असतं. २०१८ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत या गावांतली कुटुंबं थंडीत घराबाहेर झोपली. प्रशासनाने तंबू दिले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं आली, शाळांत मुलांना धक्का बसल्यावर काय करायचं ते शिकवलं गेलं. कित्येक वर्ग मैदानात, झाडाखाली भरले. तंबूत दव येतं, विंचू-साप येतात, म्हाताऱ्यांना खोकला धरतो; म्हणून काहीजण घरात परत जात, पुन्हा धक्का बसला की पुन्हा बाहेर. घर सोडून शेतावर किंवा नातेवाइकांकडे गेलेल्यांच्या मागे गुराढोरांचं, साठवलेल्या भाताचं काय, हा प्रश्न होताच. ज्या आईचं मूल रात्री तीनदा दचकून उठतं, तिच्या दुसऱ्या दिवशीच्या मजुरीचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

वारली माणसाच्या देवतांमध्ये धरतरी आहे, गावतरी आहे, कणसरी आहे. जमीन ही इथे नुसती मालमत्ता कधीच नव्हती. १९४५ मध्ये याच तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वेठबिगारीविरुद्ध आदिवासींची ऐतिहासिक परिषद भरली. जमिनीसाठी इतकं सोसलेल्या माणसांना तीच जमीन रोज हलताना पाहावी लागली. दुसरीकडे निघून जा, हा सल्ला त्यांना देणं सोपं आहे. ज्यांची शेती, वनहक्काचा प्लॉट आणि कूळदेव एकाच पाड्यावर आहेत, त्यांच्यासाठी तो सल्ला निरुपयोगी आहे. मुक्काम याच जमिनीवर राहणार, तर मग बदलायची ती भिंत.

आणि भिंत बदलणं शक्य आहे, महाग नाही आणि त्याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक जुनी घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते डहाणूला उपयोगी धडा आहे तो हा दुसरा. महाराष्ट्रातल्या गवंड्यांना हे काम येतं. त्यांनी ते एकदा मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे.

मूळ कल्पना एकच आहे, चारही भिंती एकमेकींना बांधून ठेवायच्या. त्यासाठी भिंतीच्या आत सळ्या घालून काँक्रीटचा आडवा पट्टा फिरवतात: जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर एक, छपराखाली एक. त्यांतही दारं-खिडक्यांच्या माथ्यावरचा सर्वांत महत्त्वाचा. कोपऱ्यांत उभी सळी जोत्यापासून छपरापर्यंत. दारं आणि खिडक्या कोपऱ्याला चिकटून ठेवायच्या नाहीत. विटा चांगल्या भिजवून, सिमेंटच्या मालात, सांधे मोडून लावायच्या. पत्रे हुकांनी वाशांना घट्ट करायचे, वर दगड ठेवायचे नाहीत. आधीच उभं असलेल्या घराला दोन्ही बाजूंनी वेल्डमेशची पट्टी लावून, ती भिंतीतून आरपार तारेने बांधून, वर सिमेंटचा गिलावा देता येतो. लाकडी खांबांच्या घरात विटांची भिंत खांबांना पट्ट्यांनी जखडता येते. आणि ज्याला कुडाचं घर ठेवायचं आहे त्याने ते बिनधास्त ठेवावं, फक्त खांबांचे बुंधे कुजले नाहीत ना आणि छप्पर खांबांना नीट बांधलेलं आहे ना, एवढं दरवर्षी पाहावं.

२००२ च्या भारतीय भूकंप नकाशात हा सगळा भाग तिसऱ्या विभागात येतो, कोयना चौथ्यात. तिसरा विभाग म्हणजे मध्यम धोका, आणि तिथे वर सांगितलेले पट्टे घालणं ही मानकांची अपेक्षाच आहे, उपकार नव्हे. म्हणजे नियम आहे, गवंडी आहेत, घरकुलाच्या योजनांतून सरकारचा पैसाही या तालुक्यांत घरांवर खर्च होतो. उणीव आहे ती या तीन गोष्टी एका भिंतीवर एकत्र आणण्याची. घरकुलाचा हप्ता सोडताना जोतं झालं का, छप्पर झालं का हे पाहिलं जातं. त्याच फेरीत पट्टा घातला का, हेही पाहायला वेगळा माणूस लागत नाही.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आज कुणी घर बांधत असेल किंवा बांधून घेत असेल, ग्रामसेवक, अभियंता किंवा मुकादम म्हणून कुणाचं घर तपासत असेल, तर त्यांच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. दारं-खिडक्यांच्या माथ्यावरचा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवा, त्यातली सळी कोपऱ्यात तोडू नका, वाकवून पुढच्या भिंतीत न्या. आणि गिलावा होण्याआधी ती सळी घरमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.